निरंक गावाचं आडनाव

आमचं आडनाव मी इथं लिहिणार नाही. ते लावणारी माणसं इतकी थोडी उरली होती की आडनाव लिहिणं म्हणजे थेट घर दाखवणं. तीन अक्षरांचं आहे, मधलं जोडाक्षर आहे आणि पहिल्यांदा ऐकणारा माणूस ते हमखास चुकीचं उच्चारतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

कोंढ्यापासून पायी तासाभराच्या वाटेवर आमचं गाव. गावाला एक मोठा तलाव, त्याखाली धानाच्या बांध्या, आणि आमच्या घरामागं एक लहानशी बोडी, म्हणजे तळंच, पण आमच्यापुरतं. त्या बोडीवरून गाव आम्हांला 'बोडीवाले' म्हणायचं. बाबा, आई, मी आणि धाकटी बहीण, चौघंही बोडीवाले. आपलं खरं आडनाव वेगळंच आहे, हे मला शाळेत हजेरी सुरू झाल्यावर कळलं. माझ्या नावाशी आले की गुरुजी थांबायचे, चष्मा वर करायचे. एकदा त्यांनी विचारलंच, "हे कुठलं आडनाव व पोरी?"

मी घरी येऊन बाबांना विचारलं. ते बैल धूत होते. म्हणाले, "आपलं हाय. दुसऱ्या कोनाचं नाई."

ते खरं होतं. मी मोठी होत गेले तसं मला ते शोधायचं वेड लागलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलेली मतदारयादी, परीक्षेच्या निकालाचे कागद, लग्नपत्रिकांतली 'आपले नम्र' खालची नावं. भंडाऱ्याला डी.एड.ला होते तेव्हा वरठीच्या स्टेशनावर गाडी थांबली की डब्याला चिकटवलेली आरक्षणाची यादी वाचायची. आमचं आडनाव कुठंच सापडलं नाही. पवनीच्या हायस्कुलातल्या मास्तरांचं म्हणणं, भोसल्यांच्या फौजेतल्या एखाद्या हुद्द्यावरून आलं असेल. दुसरे एक मास्तर म्हणायचे, हा शब्द मराठी नाहीच, गोंडी आहे. दोघंही खात्रीनं सांगायचे आणि दोघांनाही काही ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते आमच्या समोरच्या घरातल्या माझ्या वर्गमैत्रिणीला. चौथीत असताना ती एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दिवे लागल्यावर तुमचं आडनाव घेऊ नाई म्हनते माझी बुढी. तुमच्या नावाचं गाव मेलं." मग दोन दिवस ती माझ्या बाजूला बसली नाही.

बाबा वर्षातून एक दिवस, धान घरात आल्यावर, सकाळी न जेवता घरून निघायचे आणि दिवस मावळताना परत यायचे. सोबत कोणाला न्यायचे नाहीत. देवाचं काही असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. आईही कधी विचारायची नाही.

सत्त्याहत्तर साली मला पाहायला पाहुणे आले. मध्यस्थानं त्यांना 'कोंढ्याकडचे बोडीवाले, बापाला दोन पोरी, मोठी मास्तरीण होनार' एवढंच सांगितलं होतं. मुलगा, त्याचे वडील आणि ऐनवेळी सोबत निघालेला मुलाचा आजा. म्हातारा उंच, काटक. उजव्या कानाच्या वरच्या पाळीत सोन्याची बाळी. पाय धुऊन सगळे ओसरीत बसले. मी पाणी दिलं. म्हाताऱ्यानं पेला उचलला आणि सहज विचारल्यासारखं बाबांना म्हणाला, "बोडीवाले तं झालं, पन आडनाव कोनतं लावता जी?"

बाबांनी सांगितलं.

म्हाताऱ्याचा हात तोंडाजवळ गेलेला तिथंच थांबला. मग त्यानं पेला जमिनीवर ठेवला, अगदी हळू, एक थेंब न सांडता. उठला. लेकाला आणि नातवाला म्हणाला, "चाला."

"अजी, का झालं?" मुलाच्या वडिलांना काही समजेना. म्हातारा तोवर चपला घालून आंगणाबाहेर गेला होता. मुलगा एकदा माझ्याकडे, एकदा रस्त्याकडे बघत राहिला आणि मग तोही गेला. चुलीवर चहा उकळत होता. आईनं तो उतरवला आणि पदरानं तोंड झाकून घरात बसून राहिली.

त्या संध्याकाळी मी बाबांना सोडलं नाही. त्यांनी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. आमचं आडनाव एका गावाचं नाव होतं. त्यांच्या आज्याच्या काळात तिथं मरी आली, म्हणजे पटकीची साथ. गाव उठलं. आजा इकडं येऊन वसला. पटवाऱ्याच्या कागदात अशा ओसाड गावापुढं 'रिठी' असं लिहितात, तसं ते अजून लिहिलेलं आहे.

"कागदावर गाव हाय, मानूस नाई," बाबा म्हणाले. "मी जातो तिथं सालातून एकडाव. एक मडकं पान्याचं ठेवून येतो. माझा बाप ठेवे, मनून मी ठेवतो."

"काहून?"

"थे त्यानं नाई सांगतलं."

"अन् हा बुढा काहून उठून गेला?"

बाबा बैलांना वैरण टाकायला उठले. "मरीच्या गावचे मनत असन लोकं. जाऊ दे."

मी जाऊ दिलं नाही, पण करण्यासारखंही काही नव्हतं. पुढच्या वर्षी मला नोकरी लागली, पवनी तालुक्यातच एका जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळेच्या रजिस्टरात मी आडनाव लिहिलं आणि हेडमास्तरांनी ते चुकीचं वाचलं.

एक्याऐंशीच्या जनगणनेचं काम मास्तरांवर आलं, माझ्यावरही आलं. तालुक्याला प्रशिक्षण होतं. एका मोठ्या खोलीत आम्ही साठ-सत्तर जण बाकांवर दाटीवाटीनं बसलो होतो आणि एक कारकून गावांची यादी वाचत होता. मला डुलकी लागत होती. आणि अचानक त्यानं स्वच्छ, शुद्ध उच्चार करून माझं आडनाव वाचलं.

"हजर," मी म्हणाले.

सगळी खोली हसली. कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. "बाई, हे गाव आहे. रिठी. लोकसंख्या निरंक. तुम्ही हजर कशा?"

मीही हसले. पण त्या खोलीत निरंक म्हणून पुकारलेल्या नावाला ओ देणारी मी एकटी होते.

कारकुनानं सांगितलं की ओसाड गावातही माणूस जाऊन बघून यावा लागतो. कोणी झोपडी टाकली आहे का, कोणी गुराखी राहतो का. नसेल तर निरंक लिहून सही करायची. ते काम कोणाला नको होतं, कारण वाट जंगलातून होती. मी मागून घेतलं.

फेब्रुवारीच्या शेवटी शेजारच्या गावच्या कोतवालाला घेऊन मी निघाले. साठीच्या पुढचा, कमी बोलणारा माणूस. धानाच्या बांध्यांत लाखोरीचं पीक उभं होतं, पुढं जंगलात पळस पेटला होता. एका मोहाच्या झाडाजवळ कोतवालानं चपला काढल्या.

"इथून गाव लागते, बाई."

मला गाव दिसेना. मग हळूहळू दिसायला लागलं. तलावाची पाळ म्हणजे बांध, मधोमध फुटलेला. आंब्याची झाडं, जंगलात वाढतात तशी नाही, कोणीतरी रांगेत लावलेली. जमिनीत अर्धं रुतलेलं जातं. उंबऱ्याचे दगड, एकापुढं एक, आणि त्यांच्यामागं घर नाही. मी प्रत्येक उंबऱ्यापाशी थांबत होते. मोजायचं म्हटलं तर अशीच मोजतात ना घरं, दारासमोर उभं राहून. हाक मारावी असं वाटलं, पण मी पुढच्या उंबऱ्याकडे गेले.

चिंचेखाली मातामायचे, म्हणजे साथीच्या देवीचे, शेंदूर लावलेले दगड होते. त्यांच्यासमोर मडकी. मला वाटलं होतं एखादं असेल, बाबांचं. पण ती दहा-बारा होती. काही फुटलेली, शेवाळलेली. पण तीन-चार अलीकडची होती, आणि एकात तर तळाशी पाणी होतं.

"हे कोन ठेवते?"

"येतात." कोतवाल दुसरीकडे बघत म्हणाला. "एक कोंढ्याकडचा हाय."

"थे माझे बाबा."

तो माझ्याकडे वळला. मग त्यानं मान हलवली आणि पुढचं आपणहून सांगितलं. आणखी तीन-चार जण येतात. एक नाकाडोंगरीकडचा, मॅंगनीजच्या खदानीत काम करणारा. एक वरठीचा. सगळे वेगवेगळ्या दिवशी. दोघं एका दिवशी आलेच, तर मागून आलेला तलावाच्या पाळीपलीकडं बसून राहतो, पहिला गेल्यावर उतरतो. एकमेकांशी कोणी बोलत नाही. "अन् एक बुढा हाय, कानात बाळी घालते. थो तं रडते बसून."

मी कागद काढला. घरं, निरंक. पुरुष, निरंक. स्त्रिया, निरंक. खाली माझी पूर्ण सही केली. वर गावाचं नाव आणि खाली तेच नाव माझ्या सहीत.

कोतवालाकडून म्हाताऱ्याचं गाव कळलं, आणि पुढच्याच रविवारी मी तिथं गेले. जनगणनेची पिशवी खांद्याला होती, म्हणून कोणी काही विचारलं नाही. म्हातारा आंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. त्यानं मला ओळखलं. सुनेला म्हणाला, "बाईले चहा कर," आणि ती आत गेल्यावर दोर बाजूला ठेवला.

"मी त्या गावाले जाऊन आली," मी म्हणाले. "मडके पाहिले."

त्यानं माझ्या पिशवीकडे बघितलं. मग अगदी खालच्या आवाजात बोलायला लागला. सून येईल की काय म्हणून मधूनमधून दाराकडे बघायचा.

"माझा बाप तवा दहा वर्साचा होता. त्यानं मरताना सांगतलं, मनून मले माईत. मरी आली. एका हप्त्यात घरंच्या घरं झोपली. मंग पंच बसले. ज्याले चालता येते त्यानं निघाचं. ज्याले येत नाई, त्याच्याजवळ एक मडकं पान्याचं ठेवाचं. अन् मागं पाहाचं नाई." त्यानं दोर परत हातात घेतला. "माझ्या बापाची माय निजून होती. त्यानं मडकं ठेवलं. ती मने, जवळ सरकव रे, हात नाई पुरत. थो वाकला, तं त्याच्या बापानं हात धरून ओढत नेला. मडकं सरकवाचं राहून गेलं."

मी पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली.

"तुझ्या बापाचा आजा तेवढा मागं राहिला. घरोघरी जाऊन त्यानं मडके सरकवले. पानी पाजलं. शेवटचं मानूस जाईस्तोवर तिथंच राहिला, सगळ्याइले माती देल्ली, मंग एकटा निघाला. आमी त्या गावचं नाव टाकलं. कोनी नव्या गावचं लावलं, कोनी धंद्याचं. त्यानं नाई टाकलं. कोनी पुसलं का सांगे, मी तिथचाच. लोकं गोटे मारत, मरी घेऊन आला मनत. तरी त्यानं नाव नाई टाकलं."

"मंग आमच्या घरचं पानी काहून नाई पेले तुमी?"

"कोन्या तोंडानं पेऊ, माय?" म्हातारा मान खाली घालून म्हणाला. "तुझ्या बापानं नाव सांगतलं अन् मले वाटलं थो आजाच मले पानी देऊन राहिला. अन् दुसरी गोष्ट, आपन एका कुळाचे. थो पोट्टा तुझा भाऊ लागते. सोयरिक होत नाई. पन हे घरी कोनाले सांगू? माझ्या पोराले बी माईत नाई आमचं पयलं आडनाव."

त्यानं त्याला ठाऊक असलेली घरं बोटांवर सांगितली. ती सगळी आडनावं ओळखीची होती, चारचौघांत खपून जाणारी. एक वरठीचं, एक नाकाडोंगरीचं, दोन आमच्या बाजूची. शेवटचं आडनाव त्यानं उच्चारलं तेव्हा मी चमकले. ते आमच्या समोरच्या घराचं होतं. दिवे लागल्यावर आमचं नाव घेऊ नको म्हणणारी ती बुढी परकी नव्हतीच.

सून चहा घेऊन आली. म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "लिवा बाई, घरात सात मानसं." मी वहीत सात लिहिलं. त्याच पावसाळ्यात तो वारला.

मी बाबांना सगळं सांगितलं. चूक केली की बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वाटलं होतं, आपल्या आज्याची गोष्ट ऐकून त्यांची छाती फुगेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "किती घरं?"

मी सांगितलं.

"मडके मी पाहिले होते," ते म्हणाले. "मले वाटे, माझेच जुने हायेत."

त्यानंतर बाबा बदलले. एकटेपणाची त्यांना सवय होती. आपण एकटे नाही हे मात्र त्यांना सोसलं नाही. पवनीच्या बाजारात ते अनोळखी माणसांच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. हा असेल का, तो असेल का. कोणी मिरच्या मोजून देत असला तरी विचारायचे, "तुमचं मूळ गाव कोनतं जी?" लोक हसायचे. समोरच्या घरी जाऊन ते ओसरीवर तासभर बसायचे. ती माणसं सुपारी पुढं करायची, बाबा घ्यायचे, आणि दोन्हीकडून कोणी शब्द काढायचं नाही. त्या घरानं शेवटपर्यंत काही कबूल केलं नाही.

त्या रिठीवर जाणंही त्यांनी सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, "तिथं आता कोनी ना कोनी असन. मी कायले जाऊ?"

माझं लग्न त्र्याऐंशी साली झालं. नवरा वरठीच्या स्टेशनात नोकरीला. सासरचं आडनाव गावोगाव सापडणारं. सेवापुस्तकात नाव बदलायला कारकुनाला एक मिनिट लागलं. आता हजेरी घेताना कोणी थांबत नव्हतं, आणि मला दर वेळी वाटायचं की दुसऱ्याच कोणाला पुकारलं. मागोमाग बहिणीचंही लग्न झालं. शहाऐंशीच्या हिवाळ्यात बाबा तापानं गेले. मग ते आडनाव लावणारी एकटी आई उरली, जी त्या कुळात जन्मलेलीच नव्हती. मी तिला वरठीला चल म्हणायची. ती म्हणायची, "मी तं बाहेरची हाव. पन मी आली तं त्या नावाचं घर बंद होते."

बाबा जाऊन दीड वर्ष झालं असेल, तेव्हा गावी एक लग्नपत्रिका आली. बाबांच्या नावानं. नाकाडोंगरीहून. छापलेलं आडनाव वेगळं होतं, पण त्याच्याखाली शाईच्या पेनानं, कापऱ्या हातानं आमचं आडनाव लिहिलेलं होतं. जोडाक्षर बरोबर होतं. कोतवालानं बाबांचा पत्ता दिला होता, हे नंतर कळलं.

आई म्हणाली, "जाऊ."

तुमसरहून बसनं आम्ही दोघी गेलो. घराचा मालक म्हणजे तोच खदानीतला माणूस, आता निवृत्त, खोकल्यानं वाकलेला. आईनं नाव सांगितलं तसं त्यानं हात जोडले आणि मागं बघून विचारलं, "थे नाई आले?"

"थे गेले," आई म्हणाली.

तो मांडवाच्या खांबाला धरून खाली बसला. "मी पाळीच्या पलीकडं बसून त्याइले पाह्यत होतो," तो म्हणाला. "वीस वर्सं. एकडाव उतरून बोलाव मनून ठरवे, अन् उठून निंगून जावो."

जेवायला पंगत बसली. आई माझ्या शेजारी होती. वाढणारी मुलं, अक्षता वाटणारे पुरुष, मांडवभर माणसं. मी वरणभात कालवत होते. बघते तर आईची पत्रावळ तशीच. ती एकेका माणसाकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिच्या नजरेमागं बघितलं तेव्हा मलाही दिसलं. बुंदी वाढणारा मुलगा पाऊल टाकताना डावा खांदा किंचित खाली सोडायचा, बाबांसारखा. पाणी देणाऱ्याचे कान. एका बाईची हनुवटी. दूर कोणीतरी अगदी बाबांसारखं खाकरलं आणि आई वळली.

आम्ही वरात निघायच्या आधीच निघालो. बसमध्ये आई खिडकीशी बसली. गोबरवाही गाव मागं पडेपर्यंत ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मले भेव नाई वाटलं व. त्याइले हाक माराव वाटे. पन कोनाले मारू?"

मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.